आधी एएनएम, मग जीएनएम : वर्ष माफ होते का?

गेल्या गुरुवारी, म्हणजे आमच्या गावच्या बाजाराच्या दिवशी, दवाखान्यात नेहमीसारखीच गर्दी होती. एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आत आले. मला वाटले, मुलीला ताप-बीप असेल. मुलगी तर ठणठणीत दिसत होती. गृहस्थांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या फोल्डरमधली बारावीची मार्कलिस्ट काढून माझ्यापुढे ठेवली. कला शाखा, ५४ टक्के.

"डॉक्टरसाहेब, पोरीला नर्सिंगला घालायचं म्हणतोय. आधी एएनएम करून घ्यावं, मग जीएनएमला एक वर्ष माफ होतं, असं म्हणतात. खरं आहे का?"

"कोण म्हणतं?" मी विचारले.

"पाव्हण्याच्या पोरानं मोबाइलवर बघितलंय. आणि एक क्लासवाले सर आहेत, तेबी तेच म्हणतात. जागा संपत आल्यात, निम्मी फी आज भरा म्हणतात."

बाहेर वीस-बावीस पेशंट बसलेले. दहा मिनिटांत जेवढे सांगता आले तेवढे सांगितले आणि फी भरण्यापूर्वी चार दिवस थांबा म्हणालो. पण बारावीच्या निकालानंतर दरवर्षी असे पाच-सात पालक माझ्याकडे येतात. प्रत्येकाला दहा मिनिटांत सांगून भागत नाही. म्हणून वाचकहो, गेल्या आठवड्यात कबूल केलेला मूळव्याधीवरचा लेख पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मूळव्याध आठवडाभर थांबू शकते, प्रवेशाची मुदत थांबत नाही.

आधी त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर. नाही, वर्ष माफ होत नाही. एएनएम झालेली मुलगी जीएनएमला गेली तर तिला पहिल्या वर्षापासूनच बसावे लागते आणि पूर्ण तीन वर्षे शिकावे लागते. मग आधी एएनएम करण्याला काही अर्थच नाही का? तर तसेही नाही. अर्थ आहे, पण तो वेगळा आहे. त्यासाठी मुळात ही अक्षरे कशाची आहेत ते पाहू.

एएनएम म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसविका. आपल्या गावातल्या उपकेंद्रात लस टोचायला येणाऱ्या, गरोदर बायांची वही घेऊन घरोघर फिरणाऱ्या नर्सबाई, त्या ह्या. स्वातंत्र्यानंतर देशात नर्सेसचा दुष्काळ होता आणि खेड्यात तर त्या दिसतच नव्हत्या. तेव्हा कमी काळात तयार होणारी आणि गावात राहून काम करणारी बाई हवी, म्हणून १९५१ च्या सुमारास हा अभ्यासक्रम निघाला. त्या काळी सातवी पास मुलगी चालत असे. १९७३ साली कर्तारसिंग समितीने सुचवले की मलेरियाला एक, देवीला एक, कुटुंबनियोजनाला एक असे वेगवेगळे कर्मचारी ठेवण्याऐवजी सर्व कामे करणारा एकच बहुउद्देशीय कर्मचारी असावा. त्यानंतर ह्या नर्सबाईंच्या डोक्यावर सगळेच ओझे आले. १९७७ साली अभ्यासक्रम दीड वर्षाचा झाला, दहावी पास ही अट आली. आता बारावी पास लागते आणि अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. त्यातले शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे. हा अभ्यासक्रम फक्त मुलींसाठी आहे.

सपाट मुलखात पाच हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, असा हिशेब आहे. म्हणजे एका नर्सबाईच्या वाट्याला दोन-तीन गावे आणि चार-सहा वस्त्या सहज येतात. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, लोहाच्या गोळ्या, क्षयरोग्यांची औषधे, नोंदी आणि पुन्हा नोंदी. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिला साधे बाळंतपण करण्याची परवानगी आहे. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊ नये म्हणून ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन ती देऊ शकते. गरोदर बाईला झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवण्याचा अधिकारही तिला आहे. रात्री दोन वाजता, लाइट गेलेली असताना, हा निर्णय ती एकटी घेते. त्यामुळे कोणी 'नुसती एएनएम' म्हणाले की मला राग येतो.

जीएनएम म्हणजे सर्वसाधारण परिचर्या आणि प्रसविका अभ्यासक्रम. हा तीन वर्षांचा. मध्यंतरी काही वर्षे तो साडेतीन वर्षांचा होता, त्यामुळे जुन्या सिस्टरांना विचाराल तर त्या साडेतीनच सांगतील. जीएनएममध्ये शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजंतुशास्त्र येथपासून सुरुवात होते. मग वैद्यकीय व शस्त्रक्रियेच्या रुग्णांची शुश्रूषा, बालरुग्ण, मनोरुग्ण, प्रसूती, वॉर्डाचा कारभार असे सगळे येते. जिल्हा रुग्णालयात ज्यांना अधिपरिचारिका म्हणतात, त्या जागेसाठी ह्या तीन वर्षांची नाहीतर पदवीची गरज असते. जीएनएमला मुलेही जाऊ शकतात.

तिसरी बी.एस्सी. नर्सिंग. ती चार वर्षांची पदवी आहे आणि तिला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागते. आपल्या राज्यात ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. जीएनएम झालेल्यांना मात्र चार वर्षे पुन्हा करावी लागत नाहीत. त्यांच्यासाठी दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे. म्हणजे जीएनएमवरून पदवीला जाताना मागचे शिक्षण धरले जाते, एएनएमवरून जीएनएमला जाताना धरले जात नाही. जिन्याची मधली एक पायरीच कोणी बसवली नाही, असा हा प्रकार आहे. मला स्वतःला हे पटत नाही. दहा वर्षे बाळंतपणे केलेल्या बाईला प्रसूतीचा पहिला धडा नवख्या मुलीच्या शेजारी बसून गिरवायला लावणे हा तिच्या अनुभवाचा अपमान आहे. पण आज नियम आहे तो असा.

मग पाव्हण्यांच्या मुलाने मोबाइलवर पाहिले ते काय? ते बहुधा अमेरिकेचे असावे. तिकडे 'प्रॅक्टिकल नर्स' नावाची एक पातळी आहे. साधारण वर्षभराचे शिक्षण आणि मग परवान्याची परीक्षा. कॅलिफोर्निया आणि टेक्सास ह्या राज्यांत तिलाच 'व्होकेशनल नर्स' म्हणतात. तिच्या वरची 'रजिस्टर्ड नर्स'. तिचे शिक्षण दोन ते चार वर्षांचे आणि परवान्याची परीक्षा वेगळी. प्रॅक्टिकल नर्स रक्तदाब मोजते, औषधे देते, जखमा बांधते. पण रुग्णाची पहिली तपासणी करून शुश्रूषेची आखणी करण्याची जबाबदारी रजिस्टर्ड नर्सची. तिकडच्या बऱ्याच मुली आधी प्रॅक्टिकल नर्स होतात, नोकरी धरतात आणि कमावता कमावता पुढचे शिकतात. त्यांच्यासाठी खास जोड-अभ्यासक्रम आहेत आणि त्यात आधीच्या शिक्षणाचे काही श्रेय मिळून काळ वाचतो. आपली एएनएम म्हणजे त्यांची प्रॅक्टिकल नर्स असे कोणी समजू नये. त्यांची ती बहुतेक वृद्धाश्रमात, दवाखान्यात आणि रुग्णालयात काम करते, आपली गावात. आणि त्यांचा तो जोडरस्ता आपल्याकडे नाही. दुसऱ्या देशाची सवलत आपल्या गावात सांगून प्रवेश भरवणारे लोक मात्र आहेत.

आता पायरी गाळली तर काय बिघडते, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. सुई तर सगळ्याच टोचतात! हा प्रश्न मलाही एके काळी पडत नव्हता. त्याचे उत्तर मला २००८ साली मिळाले आणि ते सांगायला आजही जड जाते.

माझ्या दवाखान्यात तेव्हा एक मुलगी कामाला होती. बारावी झालेली, हुशार, हात हलका. दोन वर्षांत ती इंजेक्शन द्यायला, सलाइन लावायला माझ्याकडे पाहून पाहून शिकली. मी तिला पांढरा एप्रन दिला होता. पेशंट तिला सिस्टर म्हणत आणि मीही म्हणत असे. खेड्यापाड्यातल्या बहुतेक खाजगी दवाखान्यांत तेव्हा असेच चाले. आजही बऱ्याच ठिकाणी चालते, हे आम्ही डॉक्टर मंडळींनी कबूल केले पाहिजे.

एके दिवशी सत्तरीचे एक आजोबा जुलाबाने गळून आले. त्यांचे हृदय आधीच कमजोर होते, हे मला ठाऊक होते. मी सलाइन लावून दिले, "हळू सोड" असे त्या मुलीला सांगितले आणि शेजारच्या वाडीवर व्हिजिटला गेलो. तासाभराने परत आलो तर आजोबांना धाप लागलेली, खोकल्यातून फेस येत होता, ओठ निळसर. पहिली बाटली चाळीस मिनिटांत संपली होती आणि दुसरी निम्मी झाली होती. सलाइन बंद केले, पाय खाली सोडून त्यांना बसवले, ऑक्सिजन लावला, लघवी होण्याचे इंजेक्शन दिले आणि जीप करून जिल्हा रुग्णालयात नेले. आजोबा वाचले. चौथ्या दिवशी त्यांचा मुलगा मला पेढे द्यायला आला. तो पेढा माझ्या घशाखाली उतरेना.

त्या मुलीचा काय दोष? मी "हळू" म्हणालो होतो. तिने चाक फिरवून तिच्या नजरेला हळू वाटेल एवढे ठेवले होते. शिकलेल्या नर्सला 'हळू' ह्या शब्दाचा उपयोग नसतो, तिला आकडा लागतो. सलाइनच्या साध्या सेटमधून २० थेंब पडले की एक मिलीलिटर होते. हा आकडा सेटच्या पाकिटावर छापलेला असतो आणि लहान मुलांच्या सूक्ष्म सेटला तो ६० असतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत म्हणजे दहा हजार थेंब. ती चार तासांत द्यायची तर २४० मिनिटांनी भागा, मिनिटाला सुमारे ४२ थेंब. त्या आजोबांना मी आठ तास लावायला हवे होते, म्हणजे मिनिटाला २१. ही बाटली चाळीस मिनिटांत संपली, म्हणजे मिनिटाला अडीचशे थेंब. थेंब कसले, ती धारच. गुणाकार-भागाकार चौथीचाच आहे. पण तो कोणाला, कधी आणि का करायचा, आणि पायावर सूज किंवा छातीत घरघर दिसली तर डॉक्टरची वाट न पाहता सलाइन थांबवायचे, हे शाळेत आणि वॉर्डात मोठ्या सिस्टरच्या नजरेखाली शिकावे लागते. माझ्याकडे पाहून ते आले नाही, कारण मी ते कधी शिकवलेच नव्हते.

ह्या प्रसंगानंतर ती मुलगी फार हादरली. म्हणाली, "सर, मला नीट शिकायचंय. शहरात एक वर्षाचा नर्सिंगचा कोर्स निघालाय. करू का?" इथे मी दुसरी चूक केली. कोर्सला मान्यता कोणाची, हे विचारायचे सोडून मी म्हणालो, "कर, काहीच नसण्यापेक्षा बरं." तिच्या वडिलांनी म्हैस विकून फी भरली. वर्षाने सोनेरी शिक्क्याचे, इंग्रजीत छापलेले देखणे प्रमाणपत्र आले. तिने ते फ्रेम करून घेतले. पुढे जिल्हा परिषदेची आरोग्य सेविकांची जाहिरात निघाली. तिने अर्ज भरला आणि कागदपत्रांच्या पडताळणीत साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "परिषदेचा नोंदणी क्रमांक?" तो नव्हता आणि त्या प्रमाणपत्रावर मिळणारही नव्हता. ती एस.टी.ने परत आली ती सरळ माझ्या दवाखान्यात. रडली नाही. फक्त विचारले, "सर, तुम्हाला माहीत नव्हतं?"

तर वाचकहो, ह्या सगळ्यातली मेख आहे ती त्या नोंदणी क्रमांकात. देशात नर्सिंग शिक्षणाचा दर्जा ठरवण्यासाठी १९४७ साली कायदा झाला आणि त्यातून भारतीय परिचर्या परिषद आली. आपल्या राज्यात १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याप्रमाणे महाराष्ट्र परिचर्या परिषद मुंबईत आहे. एएनएम असो, जीएनएम असो की बी.एस्सी., परीक्षा पास झाल्यावर ह्या परिषदेच्या नोंदवहीत नाव चढते तेव्हाच ती नर्स होते आणि त्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. एएनएम आणि जीएनएमच्या परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. एखादी संस्था ह्यांतले कोणतेच नाव न घेता फक्त 'आयएसओ प्रमाणित', 'शंभर टक्के नोकरी' एवढेच सांगत असेल तर चहा पिऊन परत या. रुग्णाची देखभाल शिकवणारे सहा महिन्यांचे कोर्स असतात. ते सगळेच फसवे असतात असे नाही. घरी आजारी माणसाजवळ राहण्याच्या कामासाठी ते उपयोगी पडतात. पण त्यांतून नर्स तयार होत नाही आणि पुढे एएनएम-जीएनएमला त्यांचा काडीचा आधार मिळत नाही.

संस्था पाहायला जाल तेव्हा इमारतीचा रंग पाहू नका. शाळेला जोडलेले रुग्णालय कोणते ते विचारा आणि त्या रुग्णालयात दुपारी अचानक जाऊन या. खाटांवर माणसे आहेत का? बाळंतपणे होतात का? दुसऱ्या वर्षाच्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, "बाई, आजवर किती बाळंतपणं पाहिलीस?" ती जर इकडेतिकडे बघू लागली तर उत्तर मिळाले. वसतिगृह, गणवेश, परीक्षा, प्रात्यक्षिक ह्यांची फी वेगळी किती, ते कागदावर लिहून मागा. जिल्हा रुग्णालयाला जोडलेल्या सरकारी शाळेचा अर्ज आधी भरा, खाजगीकडे नंतर वळा. प्रवेशाचे नियम वरचेवर बदलतात. संसदेने २०२३ साली जुन्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा नवा कायदाही संमत केला आहे. तेव्हा शेजारच्या मुलीने तीन वर्षांपूर्वी काय केले ह्यावर जाऊ नका, ह्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा.

आता मूळ सवाल. आधी एएनएम करावे की थेट जीएनएम?

बारावी विज्ञान आहे, गुण बरे आहेत, घरची थोडी ऐपत आहे, तर थेट बी.एस्सी.चा प्रयत्न करावा. चार वर्षांत पदवी. एएनएम, मग जीएनएम, मग पोस्ट बेसिक असे गेले तर दोन, तीन आणि दोन मिळून सात वर्षे होतात. कला शाखेच्या मुलीला जीएनएम बंद आहे, असा एक गैरसमज आहे. तसे नाही. विज्ञानाला पसंती असली तरी कला शाखेच्या मुलीही पात्र असतात. इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात. त्यामुळे गुरुवारच्या त्या ५४ टक्केवाल्या मुलीला जीएनएमचा अर्ज थेट भरता येतो. मधली दोन वर्षे कोणाच्या सांगण्यावरून खर्च करण्याचे कारण नाही.

मात्र घरात दुसरे कमावणारे नाही, तीन वर्षे फी आणि खर्च झेपणार नाही, दोन वर्षांत पगार यायलाच हवा, अशी घरे आपल्या जिल्ह्यात थोडीथोडकी नाहीत. अशा मुलीने एएनएम जरूर करावे. आरोग्य सेविकेची नोकरी लागली तर ती स्वतःच एक पूर्ण आयुष्य आहे. अनुभवानंतर सहा महिन्यांचे प्रशिक्षण होऊन पर्यवेक्षणाच्या जागेवर, म्हणजे एलएचव्ही म्हणून, बढतीचाही मार्ग आहे. ज्या मुलीला गावातले काम आवडते, वॉर्डात घुसमटल्यासारखे होते, तिने जीएनएमच्या मागे धावूच नये. सगळ्यांनी एकाच जिन्याने वर गेले पाहिजे असे थोडेच आहे?

आणि एएनएमचा एक फायदा आहे, जो क्लासवाले सर सांगत नाहीत, कारण तो त्यांनाच ठाऊक नसतो. जीएनएमच्या प्रवेशाला एरवी ३५ वर्षांची वयोमर्यादा आहे. नोंदणीकृत एएनएमला ती लागू नाही. वर्ष माफ होत नाही, पण वय माफ होते. लवकर लग्न झालेल्या, मुले लहान असताना शिक्षण थांबलेल्या बायांसाठी हे फार मोठे दार आहे आणि ते उघडे असल्याचे बहुतेकींना कोणी सांगितलेलेच नसते.

मी हे पुस्तकातले सांगत नाही. माझ्या दवाखान्यातली ती मुलगी २०१३ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, एएनएमला गेली. सरकारमान्य शाळेत, ह्या वेळी मी स्वतः जाऊन मान्यता पाहून आलो. दोन वर्षांनी तिला नोंदणी क्रमांक मिळाला, तेव्हा तिने मला तो फोनवर एकेक आकडा करून वाचून दाखवला. मग राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी म्हणून एका उपकेंद्रात सात वर्षे काढली. लग्न झाले, मुलगी झाली. करोनाच्या काळात तिच्या गावांत ती आणि आशाताई अशा दोघीच घरोघर फिरत होत्या. कंत्राट काही कायम होईना. शेवटी २०२४ साली, सदतिसाव्या वर्षी, नोकरी सोडून तिने जीएनएमला प्रवेश घेतला. नवरा समजूतदार आहे, मुलगी आजीजवळ राहते. वर्गातल्या पोरी तिला ताई म्हणतात आणि बाळंतपणाच्या वॉर्डात तिच्याभोवती घोळका करून उभ्या राहतात. पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्राने तिला रडवले. इंग्रजी पुस्तकातले मूत्रपिंडाचे प्रकरण तिला मी फोनवर मराठीत समजावून दिले. माझीही त्यामुळे उजळणी झाली.

"ताई, दोन वर्षं वाया गेली असं वाटतं का गं?" असे मी तिला एकदा विचारले. तिच्याशी बोलताना 'गं' आता जरा जपूनच म्हणतो.

ती म्हणाली, "सर, एएनएमची वाया नाही गेली. ते सोनेरी शिक्क्याचं एक वर्ष गेलं."

दिवाळीच्या सुट्टीत ती दवाखान्यात भेटायला आली होती. सध्या माझ्याकडे नोंदणी असलेली एएनएम सिस्टर आहे, तिचा पगार मला थोडा जड जातो, पण तो विषय वेगळा. खाटेवर एका म्हातारबाईंना सलाइन चालू होते. आम्ही बोलत होतो, पण तिचे लक्ष बोलण्यात नव्हते. ती खाटेजवळ गेली, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवत एक मिनिटभर उभी राहिली. मग आमच्या सिस्टरला म्हणाली, "सव्वीस पडतायत. सरांनी किती सांगितलेत?"

"पंचवीस," सिस्टर म्हणाली.

तिने मान डोलावली आणि मग माझ्याकडे चहा मागितला.